मामाचा हात

सुगंधा परबचा मुलगा दहाव्या महिन्यात होता, आणि त्याच्या पोटात अजून भाताचं एक शीतसुद्धा गेलं नव्हतं. ऐकून तुम्ही म्हणाल, आई आहे की कोण! थांबा जरा. तोंड सोडायला काय लागतं? आधी ऐकून घ्या, मग बोला.

घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीवर, पत्र्याच्या बैठ्या चाळीत ती राहायची. नवरा गुणाजी मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. घरात सासू शेवंती, मालवणकडची, तोंडाने फटकळ आणि देवाधर्माला पक्की. आणि हा अनंत, पंच्याऐंशीच्या जानेवारीत झालेला. जन्मला तेव्हा असा गुटगुटीत की नर्सनेच त्याच्यावरून बोटं मोडली होती. आता दिवाळी उलटली होती आणि त्याच पोराच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती. डोळे तेवढे मोठे झाले होते. कुणी जेवायला बसलं की ते डोळे त्याच्या हातामागे जायचे, ताटापासून तोंडापर्यंत आणि तोंडापासून पुन्हा ताटापर्यंत.

परबांच्या घरात उष्टावण झाल्याशिवाय मुलाच्या तोंडाला अन्न लावत नाहीत. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम. मामाने मांडीवर घ्यायचं, मामानेच खिरीचा पहिला घास भरवायचा, मग पुढचं सगळं. सहाव्या महिन्यात नेमका अधिक मास आला. आठव्यात पितृपक्ष. दोन्ही वेळा सासू चुकचुकली, आणि सुगंधाने मनातल्या मनात हुश्श केलं. म्हणजे घरात सांगायचं, मुहूर्त नाही. आणि महापालिकेच्या दवाखान्यात सांगायचं, देते की हो, पेज देते, वरणाचं पाणी देते. दोन दगडांवर दोन पाय.

बरं, पेज करत नव्हती असंही नाही. सासू दुपारी भजनाला गेली की ती मूठभर तांदूळ धुऊन गुरगुट्या शिजवायची, गाळायची, वाटीत काढायची. वाटी तीनदा उकळलेली, चमचा तीनदा उकळलेला. वास घ्यायची. जिभेला लावायची. पुन्हा वास घ्यायची. आणि मग चमचा वाटीतच टाकून ती उठायची नि मागच्या दाराने ती पेज शेजारच्या रत्नप्रभाच्या कोंबड्यांपुढे ओतून यायची. कोंबड्या टुमटुमीत झाल्या आणि पोर वाळत गेलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सुगंधा ताक ओतूनच देत होती.

आणि तिचं तोंड पोळलं होतं हो. चांगलंच पोळलं होतं.

अनंताआधी तिला एक मुलगी झाली होती, प्रेमा. सातव्या महिन्यात तिचं उष्टावण धरलं, वैशाखात, पत्रे तापून घरात बसवत नव्हतं त्या दिवसांत. मुहूर्त सकाळचा साडेनऊचा. सुगंधाने आठ वाजता तांदळाची खीर केली. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ दत्ताराम. साकीनाक्याला एका गाळ्यात लेथवर कामाला. साडेनऊ झाले, दहा झाले, मामाचा पत्ता नाही. शेठने अर्जंट काम काढलं होतं, तयार होईस्तोवर सोडायला राजी नव्हता. सासू म्हणाली, "व्हयो तर माज्या भावाक बोलावतंय." सुगंधानेच हट्ट धरला. नाही म्हणजे नाही. माझा एकुलता एक भाऊ आहे, त्याच्याच हातचा घास पाहिजे. थांबू या की, कुठे आग लागली आहे?

दुपारी एकला तिने खिरीवरचं झाकण काढलं. वास जरा वेगळा आला. खराब असा नाही, पण सकाळचाही नाही. आता काय करायचं? दूधकेंद्राच्या कार्डावरचं दूध सगळं खिरीत गेलेलं, दुसरं दूध उद्या सकाळी. पाहुणे भिंतीला टेकून पेंगलेले. सासू जरा लवंडलेली. सुगंधाने इकडे तिकडे बघितलं, खीर पुन्हा चुलीवर चढवली, वर दोन वेलच्या कुटून घातल्या, साखर घातली. वास गेला. दत्ताराम साडेतीनला धावत आला, गाळ्यातूनच, घामाघूम. रॉकेल आणि भुसा लावून हात चोळले, साबणाने दोनदा धुतले, तरी नखांत काळं ऑइल राहिलंच होतं. त्याने भाचीला मांडीवर घेतलं आणि तीन बोटं खीर भरवली. प्रेमाने मिटक्या मारल्या. सगळे हसले.

साडेसातला पोर ओकायला लागली. मग जुलाब. हॉस्पिटलात नेईपर्यंत डोळे खोल गेले होते. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली.

आणि घरी परतल्यावर सासू छाती पिटत जे पहिलं बोलली ते हे: "तेचो हात! त्या काळ्या हातान माजी नात मारल्यान!" सगळ्यांनी मान हलवली. गुणाजीनेही हलवली. दत्ताराम दारात उभा होता. त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता टेकडी उतरून गेला. सुगंधाच्या तोंडात वाक्य आलं होतं. जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

का गिळलं म्हणून विचारता? भीती, दुसरं काय! सासू घरात ठेवेल का? नवरा तोंड बघेल का? आज नको, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. अडीच वर्षं झाली. दत्ताराम पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. वाकोल्याला राहतो, त्याला मुलगी झाली, एवढंच तिला कुणाकुणाकडून कळलं होतं.

तर अशी ही पेजेची वाटी. तुम्ही-आम्ही सहज उचलू, सुगंधाला मात्र तिच्यात प्रेमाचे डोळे दिसायचे. जग म्हणत होतं मामाचा हात वाईट. कुणाचा हात वाईट होता ते फक्त तिला माहीत होतं. तोच हात तिला रोज त्या वाटीत घालायचा होता.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी दवाखान्यात नाडकर्णी डॉक्टरीणबाईंनी अनंताला काट्यावर ठेवलं. काटा बघितला. कार्ड बघितलं. पुन्हा काटा बघितला.

"काय देतेस याला?"

"पेज देते ना."

"किती?"

"वाटीभर. दोनदा."

बाईंनी कार्ड तिच्या नाकासमोर धरलं. "सहाव्या महिन्यात सहा किलो दोनशे होता. आज पाच किलो आठशे. दोन वाट्या पेज खाणारं पोर असं दिसतं? खोटं माझ्याशी बोलतेस, की याच्याशी?"

सुगंधाने अनंताला काट्यावरून उचलून घेतलं.

"हे बघ बाई," नाडकर्णी बाईंचा आवाज जरा खाली आला, "अंगावरचं दूध म्हणजे अमृत, कबूल. पण सहा महिन्यांनंतर तेवढ्यावर भागत नाही. चार-पाच महिन्यांचं झालं की पेजेचं पाणी सुरू करायचं. सहाव्यात मऊ भात, केळं कुस्करून, मुगाचं वरण. आठव्यात खिमट. अख्खा शेंगदाणा देऊ नको, घशात अडकतो. मध चाटवू नको. बाकी भ्यायचं काय त्यात? ताजं कर, खदखदून उकळ, हात धुऊन भरव. आणि उरलं तर ठेवायचं नाही. दोन तासांपूर्वीचंसुद्धा त्याला द्यायचं नाही. लहान मुलाच्या पोटाला शिळं म्हणजे विष, कळलं?"

कळलं. सुगंधाला इतकं कळलं की तिने बाकाचा कोपरा घट्ट धरला.

"पुढच्या गुरुवारी आण. वजन वाढलं नसेल तर मी याला भरती करणार. आणि खरं सांगते, असा आणखी महिना गेला तर साधा खोकला झाला तरी हा तग धरायचा नाही."

घरी येताना तिने अनंताला पदराखाली असं धरलं होतं, जसं काही रस्त्यावरचा वारासुद्धा त्याला लागून चालणार नाही. टेकडी चढताना तिला चार वेळा थांबावं लागलं. दमून नव्हे. मुलगा हलतो आहे की नाही ते बघायला.

शुक्रवारी करते, मनाशी म्हणाली. शुक्रवारी पेज केली, कोंबड्यांना घातली. शनिवारी सकाळी मात्र वेगळंच झालं.

गुणाजीचा डबा भरताना भाताचं एक शीत खाली सांडलं. सुगंधाचं लक्ष नव्हतं. अनंताचं होतं. ते पोर, ज्याला हल्ली मान धरवत नव्हती, ते लादीवर पोटाने सरपटत गेलं, दोन बोटांनी शीत उचललं आणि तोंडात घातलं. सुगंधा वळली तर हा चघळतोय! तिने डबा टाकला. झडप घातली, त्याचं तोंड उघडलं आणि बोट आत घातलं. कुठे आहे, कुठे आहे ते? बोट घशापर्यंत गेलं. पोर कासावीस झालं, तोंड जांभळं पडलं, ओकारी आली, हिरडीतून रक्ताचा थेंब तिच्या बोटाला लागला. शीत निघालं. तिने ते निघाल्याबद्दल देवाला हात जोडले आणि मग बघितलं, अनंत रडत नव्हता. रडायला त्याच्यात जोरच नव्हता. तो नुसता तिच्या बोटावरच्या त्या शिताकडे बघत होता, आणि त्याचं तोंड उघडं होतं.

सुगंधा तिथेच सांडलेल्या डब्यात बसली. भूत बाहेर आहे म्हणून दार लावून घेतलं होतं तिने, आणि भूत आत तिच्याबरोबरच बसलं होतं. या पोराला मी मारणार, तिला स्वच्छ कळलं. एकीला भरवून मारली, याला न भरवून मारीन.

तिने मुलाला काखेत मारलं, सासूला "दवाखान्यात जाऊन येते" म्हणून सांगितलं आणि साकीनाक्याची वाट धरली.

गाळ्यात लेथची घरघर चालली होती. दत्ताराम पाठमोरा होता. अडीच वर्षांत मानेवरचे केस विरळ झाले होते. शेजारच्या कामगाराने खूण केली तसा तो वळला, बहिणीला बघितलं, कडेवरच्या पोराला बघितलं, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मशीन बंद कर, दत्तू," ती म्हणाली. "मला एक सांगायचंय आणि ते दोनदा सांगायची ताकद नाही माझ्यात."

त्याने मशीन बंद केलं. ती बोलली. खीर आठची, झाकण एकला, वास, वेलची, साखर. सगळं. एका दमात. "तुझ्या हाताने काही झालं नाही रे. मला तेव्हाही माहीत होतं. मी तुझ्यावर जाऊ दिलं."

दत्तारामने हात पुढे आणले. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटांच्या पेरांची कातडी सोलवटून पांढरी पडलेली, जागोजागी भेगा.

"माझी पोर पावणेदोन वर्षांची झाली, ताई," तो म्हणाला. "तिच्या उष्टावणाला मी वाकोल्याच्या नाक्यावर जाऊन उभा राहिलो होतो. तिला अजून मी एक घास भरवलेला नाही. ती पेरूची फोड घेऊन येते माझ्याकडे, बाबा आ कर म्हणते. मी खातो तिच्या हातचं. तिच्या तोंडात कधी घातलं नाही. तिची आई राधा विचारते, तुम्ही असे कसे? काय सांगू तिला? रोज घासतो हे. रॉकेलने घासतो, सोड्याने घासतो. जात नाही ऑइल. मला वाटायचं, तेच गेलं प्रेमाच्या पोटात."

"दत्तू..."

"गप्प बस!" तो एवढ्याने ओरडला की सगळा गाळा वळला. "अडीच वर्षं! एकदा, एकदा येऊन सांगता आलं नाही तुला? साकीनाका काय लंडनला आहे?"

सुगंधा तशीच उभी राहिली. मार खायलाच आली होती ती.

मग त्याची नजर अनंतावर गेली. पोराचं डोकं आईच्या खांद्यावर लोळत होतं. दत्तारामने पुढे होऊन त्याचा दंड बघितला, हात न लावता, नुसता वाकून. "काय झालंय याला?"

"मी भरवत नाही. भरवूच शकत नाही. तू ये. एकदा तू भरव. तुझ्या हातानेच सुरू होऊ दे."

"आणि याला काही झालं तर?" त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. रागापेक्षा आता त्यात भीती जास्त होती. "मग मी कुठे जाऊ?"

त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. ती पायरी उतरली तेव्हा मागून आवाज आला, "उद्या रविवार आहे. अकराला येतो."

रविवारी तो पावणेअकरालाच आला. चाळीच्या नळावर हात धुतले, दारात उभा राहिला. शेवंतीने त्याला बघितलं आणि ती उंबऱ्यात त्याला आडवी आली.

"हयसर कित्याक इलंस? एक नेलंस ता पुरा नाय झाला? तुजो हात माज्या नातवाक लागता नये, सांगून ठेवतंय!"

दत्ताराम मागे सरला. गुणाजी म्हणाला, "आई, जाऊ दे, मी त्याला वाटेला लावतो." सुगंधा चुलीपाशी होती. पेज खदखदत होती. एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. अडीच वर्षांचा सराव होता. पण दत्ताराम खरंच पायरी उतरायला लागला, पुन्हा तसाच, एक शब्द न बोलता. त्याने तिचं नाव घेतलं नाही! कालच सगळं कळलेलं असून त्याने तिचं नाव घेतलं नाही.

"खीर नासली होती," सुगंधा म्हणाली.

दत्ताराम पायरीवर थांबला.

"मला वास आला होता. मी वेलची घालून झाकला. दत्तूच्या हाताचं काही नव्हतं. प्रेमाला मी दिलं ते. मी."

शेवंती मटकन खाली बसली, उंबऱ्यातच. तिने कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा उचललेला हात तसाच राहिला. गुणाजीने तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. "मला सांगायचं होतंस," तो भिंतीलाच म्हणाला. "मला तरी सांगायचं होतंस गं."

"तुम्ही मला टाकली असती."

तो नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

पेज उतू जायला लागली तशी म्हातारी उठली. चुलीवरचं पातेलं स्वतः उतरवलं. वास घेतला. पळीने थोडी वाटीत काढून आपल्या जिभेला लावली. मग वळून दत्तारामकडे बघितलं. त्या बाईने त्याच्या नावाने किती वेळा बोटं मोडली होती, त्याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता.

"खीर नको," ती म्हणाली. "पेजच घाल. बस हयसर. पाटार बस."

दत्ताराम पाटावर बसला. अनंताला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने हात वाटीपर्यंत नेला आणि थांबला. हात हवेत. सुगंधाला ओरडावंसं वाटलं, नको, थांबा, वास घ्या पुन्हा! भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत होते. दत्तारामने बोटावर घेतलेली पेज पोराच्या ओठाला लावली.

अनंताने ती चाटली. मग मामाचं बोटच धरलं दोन्ही मुठींत, आणि सोडेना. सहा बोटं पेज खाल्ली त्याने. सातव्याला शेवंती म्हणाली, "पुरे. पयल्या दिसाक पुरे." नाडकर्णी बाई असत्या तर त्याही तेच म्हणाल्या असत्या.

कुणी आनंद वगैरे केला नाही. सगळे बसून राहिले, पोराकडे बघत. खरं उष्टावण आता सुरू झालं होतं. प्रेमाला खिरीनंतर चार तासांनी ओकारी आली होती. बाराचे चार म्हणजे चार वाजता. सुगंधाने गणित घातलं, आणि दत्तारामनेही घातलं असणार, कारण तोही घड्याळाखालून हलेना. एक वाजला. अनंत झोपला. झोपला की काय झालं? तिने नाकाशी बोट धरलं. श्वास होता. दीड वाजता पोट गुडगुडलं. पोट गुडगुडलं! तिने पोटावर हात ठेवला, सासूने ठेवला, गुणाजीने कान लावला. पुन्हा काही नाही. अडीचला त्याने लंगोट भरला, तर चारही माणसं त्या लंगोटावर वाकली. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर पोट धरून हसलं असतं. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही.

तीनला दत्ताराम उठला.

"जातोस?" सुगंधा त्याच्यामागे दारापर्यंत गेली. "चार वाजेपर्यंत थांब ना रे. चारच वाजू दे."

"नाही, ताई. मला घरी जायचंय." त्याने चपला घातल्या. "राग गेलेला नाही माझा. जाईल की नाही ते पण मला ठाऊक नाही. पण पोर चारला उठते, उठली की तिला भूक लागते. तिच्या आईने ताट घ्यायच्या आत मला पोचायचंय."

तो झपाझप टेकडी उतरला. वळून बघितलं नाही.

चार वाजले. चारला पाच मिनिटं असताना अनंत जागा झाला होता. आणि चारच्या ठोक्याला, अगदी ठोक्याला, त्याने टाहो फोडला. असा आवाज त्याने कित्येक आठवड्यांत काढला नव्हता. सुगंधाने त्याला उचललं, डोळे बघितले, जीभ बघितली, कपाळ, तळवे, पोट. अहो, टॅक्सी आणा! कुठे दुखतंय राजा? तेच आहे हे, तेच! गुणाजी चपला शोधत धावला. पोर रडत होतं, हातपाय झाडत होतं, तिचा पदर ओढून तोंडात कोंबत होतं.

"गो बाय!" शेवंतीने तिच्या दंडाला धरून हलवलं. "बघ तरी तेच्याकडे! दुखना नाय ता. भूक लागली तेका. पोर भुकेक रडता, गो!"

सुगंधा बघतच राहिली. भूक?

म्हातारीने तांदूळ धुतले होते केव्हाच. सकाळची उरलेली पेज तिने स्वतःच्या हाताने कोंबड्यांना घातली होती, आणि चुलीवर नवी चढवली होती. तिने ती गाळली, निववली, वाटीत काढली, आणि वाटी सुनेच्या हातात ठेवली.

"आई, तुम्ही भरवा."

"मी नाय."

"मग दत्तूला... उद्या दत्तू आला की..."

"मामा एकदाच लागता," शेवंती म्हणाली. "मगे रोज आयशीनच भरवायचा असता."

सुगंधाने वास घेतला. जिभेला लावलं. पुन्हा वास घेतला. तिसऱ्यांदा घ्यायला वाटी वर नेली, तर सासू नुसती बघत होती. मागच्या दाराबाहेर कोंबड्या आल्या होत्या, सवयीने. दार उघडं होतं. दोन पावलांवर होतं.

ती खाली बसली. पोराला मांडीवर घेतलं. पेज बोटावरून मनगटापर्यंत ओघळत होती, आणि भीती म्हणाल तर सगळीच्या सगळी होती, एक कणही कमी झालेली नव्हती. तिने तोच हात पुढे केला. अनंताने रडणं थांबवलं आणि आ केला.

त्याने बोट चोखून साफ केलं. पुन्हा आ केला.

सुगंधाने दुसरा घास घेतला.